लिफ्टमधले वजन: वर-खाली जाण्याने नव्हे, वेग बदलल्याने

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

‘लिफ्ट वर जाताना वजन वाढते, खाली येताना कमी होते’ हे वाक्य प्रश्नमंजुषांत, स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या विज्ञानकोड्यांत सर्रास दिसते. अंतराळवीर तरंगतानाचे छायाचित्र छापले की त्याखाली ‘तेथे गुरुत्वाकर्षण नसल्याने’ हेही ठरलेले. दोन्ही विधाने चुकीची आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. तो दूर करायला प्रयोगशाळा लागत नाही. सोसायटीची लिफ्ट आणि सुईचा वजनकाटा पुरतो. पत्र लांबले आहे, पण तपशिलाशिवाय हा विषय सांगण्यात अर्थ नाही.

पृथ्वी आपल्याला खाली ओढते ती ओढ आपल्याला जाणवतच नाही. जाणवतो तो फरशीने तळपायांना वर दिलेला रेटा. वजनकाटाही पृथ्वीची ओढ मोजत नाही. आतली स्प्रिंग किती दबली एवढेच तो सांगतो, म्हणजे मोजतो तो हा रेटा. यालाच भासमान वजन म्हणतात. लिफ्टमध्ये नुसत्या उभ्या असलेल्या माणसावर दोनच बले असतात: पृथ्वीची ओढ खाली आणि फरशीचा रेटा वर. ती सारखी असली की माणसाचा वेग बदलत नाही, मग तो वेग शून्य असो, वरच्या दिशेचा असो वा खालच्या. वेग बदलायचा तर दोहोंत फरक पडायला हवा. ओढ तर दहाव्या मजल्यापर्यंत तीच राहते, तेव्हा बदलतो तो रेटा.

आकडे घालून पाहू. ६० किलो वस्तुमानाच्या माणसावर पृथ्वीची ओढ ६० × ९.८ = ५८८ न्यूटन. राहत्या इमारतींतल्या लिफ्टचे त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, बहुधा ०.५ ते १ मी/से² यांच्या दरम्यान ठेवलेले असते; आपण ०.८ धरू. त्वरण वरच्या दिशेला असेल तर रेटा ६० × (९.८ + ०.८) = ६३६ न्यूटन होतो आणि काटा जवळजवळ ६५ किलो दाखवतो. त्वरण खालच्या दिशेला असेल तर ६० × (९.८ − ०.८) = ५४० न्यूटन, काट्यावर ५५ किलो.

आता हा फरक टिकतो किती वेळ? लिफ्टचा ठरलेला वेग सेकंदाला १ मीटर असेल, तर ०.८ च्या त्वरणाने तो गाठायला सव्वा सेकंद लागतो आणि तेवढ्यात लिफ्ट जेमतेम ६२ सेंटीमीटर सरकते. थांबतानाही तसेच. मजल्याची उंची ३ मीटर धरली तर तळमजल्यापासून दहाव्या मजल्यापर्यंत ३० मीटर जायला एकूण सव्वाएकतीस सेकंद लागतात. त्यांतले पहिले सव्वा सेकंद काटा ६५ दाखवतो, शेवटचे सव्वा सेकंद ५५, आणि मधले पावणेएकोणतीस सेकंद लिफ्ट वर चाललेली असूनही अगदी ६०. ‘वर जाताना वजन वाढते’ हे वाक्य प्रवासाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक काळ खोटे ठरते आणि शेवटच्या क्षणांत तर नेमके उलटे होते. दहाव्यावरून तळमजल्यावर येऊन थांबताना गुडघ्यांवर जो भार येतो, तो लिफ्ट खाली येत असतानाच वजन ‘वाढल्याचा’ अनुभव असतो. दिशा पाहायची ती वेग कुठे बदलतो आहे याची, लिफ्ट कुठे चालली आहे याची नव्हे.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. लिफ्ट उभ्या स्थितीतून निघून उभ्या स्थितीत येते, म्हणून सुरुवातीला जेवढे मिळाले तेवढेच शेवटी परत जाते. संपूर्ण प्रवासातल्या भासमान वजनाची सरासरी काढली तर ती बरोबर खऱ्या वजनाइतकी येते, त्वरण कितीही असो.

प्रयोग करताना पहिली चूक होते ती काटा निवडण्यात. घरोघरी असलेला डिजिटल वजनकाटा येथे निरुपयोगी आहे. तो आकडा स्थिर होण्याची वाट पाहतो, स्थिर झाला की तोच धरून ठेवतो, आणि मग लिफ्टने काहीही केले तरी तोच दाखवत राहतो. ‘काहीच फरक पडला नाही’ असे सांगणाऱ्यांनी बहुतेक वेळा हाच काटा वापरलेला असतो. तबकडीवर सुई फिरणारा जुना स्प्रिंगचा काटा घ्यावा. दोन पारड्यांचा तराजूही चालत नाही. त्यात वस्तू आणि वजनमाप दोन्हींवरचा रेटा सारख्याच पटीने बदलतो, त्यामुळे तराजू समतोलच राहतो. तो वस्तुमानांची तुलना करतो, रेटा मोजत नाही.

काटा फरशीवर सपाट ठेवावा. खाली पायपुसणे किंवा रबरी मॅट नको. गुडघे सरळ ठेवून ताठ उभे राहावे आणि बाजूच्या दांडीला हात लावू नये, कारण थोडा भार दांडी घेते. किमान पाच-सहा मजले मध्ये न थांबता जाता येईल अशी वेळ निवडावी. सुई सव्वा सेकंदच हलणार, म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. दुसऱ्याने मोबाइलवर तबकडीचे चित्रण करावे, स्लो मोशनची सोय असेल तर त्यात. आत दोनच माणसे असावीत, दार अडवून ठेवू नये, आणि सोसायटीच्या सचिवांना आधी कळवावे.

चित्रण पाहताना एक फसगत होते. गणिताने ६५ यायला हवे तेथे सुई ६८ पर्यंत उडी मारते, मग ६३ वर येते आणि डोलत राहते. हे गणित चुकल्याचे लक्षण नाही. स्प्रिंगवर ठेवलेल्या वजनाला अचानक जास्तीचा रेटा मिळाला की ते नव्या जागी थेट थांबत नाही. पुढे जाते, परत येते. धक्का अगदी एकदम बसला तर पहिली उडी खऱ्या फरकाच्या जवळजवळ दुप्पट असू शकते. म्हणून सर्वांत मोठा आकडा उचलू नये. डोलणाऱ्या सुईचा मध्य घ्यावा. कनिष्ठ महाविद्यालयांत खाली आकडा असलेल्या स्प्रिंगकाट्याला वजन टांगून हा प्रयोग दाखवतात तेथे हा त्रास आणखी वाढतो, कारण टांगलेले वजन आडवेही झुलते. वजन हाताने शांत केल्याशिवाय लिफ्टचे बटण दाबू नये.

यापेक्षा चांगले साधन आता बहुतेकांच्या खिशात आहे. मोबाइलमधला त्वरणमापक म्हणजे सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला इवलासा ठोकळा. जर्मनीतल्या आखेन येथील तांत्रिक विद्यापीठाचे ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप त्याची नोंद आलेखासह देते. त्यात लिफ्टसाठी वेगळा प्रयोगच आहे. फोन टेबलावर पडून असतानाही सुमारे ९.८ दाखवतो, शून्य नाही, आणि विद्यार्थी येथे अडखळतात. अडखळण्याचे कारण नाही: काट्याप्रमाणे फोनही रेटाच मोजतो.

फोन हातात धरू नये, हात स्वतःच स्प्रिंगसारखा वागतो. मागे रिंग लावलेले कव्हर काढून तो फरशीवर पालथा किंवा उताणा सपाट ठेवावा. लिफ्ट सुटण्याआधी दहा सेकंद नोंद घ्यावी, कारण कुठला फोन ९.७ दाखवतो तर कुठला ९.९, ही आधाररेषा पुढच्या सगळ्या आकड्यांतून वजा करायची. सुटतानाच्या उंचवट्याखालचे क्षेत्रफळ काढले की लिफ्टचा वेग मिळतो: ०.८ × १.२५ = सेकंदाला १ मीटर. एवढे उत्तम जमते. त्याच नोंदीवरून उंची काढायचा मोह मात्र आवरावा. आधाररेषेत केवळ ०.०५ ची चूक राहिली तरी तीस सेकंदांत ती उंचीत ½ × ०.०५ × ९०० = २२.५ मीटर एवढी होते, म्हणजे साडेसात मजले! उंचीसाठी, फोनमध्ये असेल तर, हवेचा दाबमापक वापरावा. समुद्रसपाटीजवळ दर मीटरला दाब सुमारे १२ पास्कलने (पास्कल हे दाबाचे एकक) कमी होतो, म्हणजे दहा मजल्यांत साडेतीनशे पास्कलांहून थोडा अधिक फरक. तो स्वच्छ दिसतो.

हाच आलेख सोसायटीलाही उपयोगी पडतो. ‘लिफ्ट धक्का देते’ या तक्रारीत बहुधा दोष त्वरणाचा नसून त्वरण किती झटक्यात बदलते याचा असतो. ०.८ चे त्वरण पाऊण सेकंदात हळूहळू चढले तर कळतही नाही. एका झटक्यात आले तर पोटात गोळा येतो. मोटरचा वेग हळूहळू बदलणाऱ्या इन्व्हर्टर ड्राइव्हच्या लिफ्टमध्ये हा चढउतार सेटिंगने गोलसर करता येतो. जुन्या दोन वेगांच्या लिफ्टमध्ये मजला जवळ आला की मोटर एकदम कमी वेगावर जाते, तो धक्का बऱ्याच अंशी अटळ आहे. आलेखात सुटण्याच्या क्षणी उलट्या दिशेची बारीक टोचणी दिसली, तर मोटरने भार पेलण्याआधीच ब्रेक सुटत आहे असे समजावे. देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाला असा आलेख दाखवला तर ‘बघतो’च्या पुढे बोलणे जाते.

दोरांच्या बाजूनेही हेच बलांचे गणित चालते, आणि आमच्या मते ते शाळेत शिकवायला हवे. केबिनमधल्या पाटीवर ‘८ माणसे, ५४४ किलो’ असे लिहिलेले असते ते माणशी ६८ किलो धरून. केबिनच्या दोरांच्या दुसऱ्या टोकाला काउंटरवेट असते. त्याचे वजन रिकामी केबिन अधिक साधारण निम्मा भार एवढे ठेवतात. केबिन ८०० किलोची असेल तर काउंटरवेट ८०० + २७२ = १०७२ किलो. (रिकामी केबिन त्यामुळे काउंटरवेटपेक्षा हलकी असते, आणि ब्रेक सैल केला तर ती वर जाऊ पाहते.) भरलेली केबिन १३४४ किलोची. उभी असताना दोन बाजूंच्या ताणांचे गुणोत्तर १३४४ : १०७२, म्हणजे सुमारे १.२५. ०.८ च्या त्वरणाने वर सुटताना केबिनच्या बाजूला १३४४ × १०.६ आणि काउंटरवेटच्या बाजूला १०७२ × ९.० न्यूटन ताण असतो, गुणोत्तर १.४८ वर जाते. दोर मोटरच्या पुलीला बांधलेले नसतात, फक्त खाचांतल्या घर्षणाने धरलेले असतात. हे गुणोत्तर पकडीच्या मर्यादेपलीकडे गेले की दोर घसरतात. लिफ्टचे त्वरण मनमानी वाढवता येत नाही त्याचे प्रवाशांच्या सोयीइतकेच मोठे कारण हे आहे. पुलीच्या खाचा झिजल्या किंवा कोणी ‘आवाज येतो’ म्हणून दोरांना भलतेच तेल-ग्रीस चोपडले, की पकड कमी होते आणि केबिन मजल्याच्या वर-खाली थांबू लागते.

ओव्हरलोडची घंटा दार उघडे असतानाच का वाजते, हेही यातूनच कळते. पूर्ण भरलेली लिफ्ट वर सुटताना ५४४ किलोंचा भार संवेदकाला ४४ किलोंनी जास्त भासतो. तो आकडा खरा मानला तर लिफ्ट दर वेळी मध्येच थांबेल. म्हणून तपासणी लिफ्ट उभी असतानाच होते. लहान मुलांना केबिनमध्ये उड्या मारू न देण्याचे कारणही हेच बल आहे: उडीवरून खाली येताना फरशीवरचा रेटा क्षणभर वजनाच्या काही पट होतो, केबिन दोरांवर हिंदकळते, सुरक्षेचा एखादा संपर्क सुटतो आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते.

आता दोर तुटण्याचा प्रश्न, कारण प्रत्येक वर्गात तो विचारला जातोच. दोर तुटून केबिन मोकळी पडू लागली तर त्वरण ९.८ खाली, रेटा ६० × (९.८ − ९.८) = शून्य, काटाही शून्यावर. पृथ्वीची ओढ मात्र ५८८ न्यूटनच. पुस्तकातल्या या स्थितीपर्यंत खरी लिफ्ट जाऊ नये यासाठी अमेरिकन संशोधक इलिशा ओटिसने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः उभ्या असलेल्या फलाटाचा दोर कापायला लावून सुरक्षा-पकड दाखवली होती. आज केबिनला अनेक पोलादी दोर असतात, आणि वेग लिफ्टच्या ठरलेल्या वेगापेक्षा साधारण १५ टक्क्यांहून अधिक वाढला की गव्हर्नर हे वेगावर लक्ष ठेवणारे यंत्र केबिनखालच्या पाचरा ओढते व त्या गाइड रेल, म्हणजे केबिनच्या बाजूचे उभे रूळ, आवळतात. वेगवान लिफ्टमध्ये ही पकड अशी घडवतात की थांबतानाचे सरासरी त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.२ ते १ पट राहावे. म्हणजे आपल्या ६० किलोंच्या माणसाला त्या वेळी ७२ ते १२० किलोंइतके वजन भासेल. पाय लटपटतील, पण हाडे सहसा मोडणार नाहीत.

‘आपटण्याआधी नेमकी उडी मारली तर वाचू’ ही कल्पना मुलांना फार आवडते. १५ मीटरवरून पडल्यावर वेग सेकंदाला १७ मीटर होतो. चांगली उडी फार तर ३ मीटर वेग देते. उरलेला १४ मीटरचा वेग म्हणजे १० मीटरवरून पडण्यासारखेच, शिवाय नेमका क्षण कळणार कसा? त्यापेक्षा फरशीवर पाठ टेकून आडवे होणे बरे, रेटा शरीरभर वाटला जातो.

मोकळे पडताना रेटा शून्य होतो, हे घरी पाहायला लिफ्ट नको. एक लिटरची प्लास्टिक बाटली घ्या, तळाजवळ ४-५ मिलिमीटरचे भोक पाडा, बोटाने दाबून पाणी भरा, झाकण उघडेच ठेवा. बोट काढले की धार लागते. आता स्टुलावर उभे राहून दोन मीटर उंचीवरून बाटली अंगणात सोडा. पडण्याच्या ०.६४ सेकंदात धार थांबलेली दिसेल. मग तीच बाटली सरळ वर उडवा. हातातून सुटल्यापासून, म्हणजे वर जात असतानाही, धार बंदच राहते. वर-खालीचा गैरसमज या दुसऱ्या भागाने जितका पक्का मोडतो तितका फळ्यावरच्या कोणत्याही आकृतीने मोडत नाही.

परीक्षेतल्या चुकांबद्दल शिक्षकांसाठी दोन शब्द. ‘वर अधिक, खाली उणे’ असे पाठ करून घेऊ नये. वरची दिशा धन धरून त्वरण चिन्हासह मांडायला लावावे. जमिनीवरून पाहत असाल तर बले दोनच. केबिनमधल्या निरीक्षकाच्या बाजूने मांडायचे असेल तर छद्मबल (केबिनच्या त्वरणाच्या उलट दिशेला भासणारे बल) घ्या, पण मग त्वरण शून्य धरा. दोन्ही एकत्र करणारे विद्यार्थी हमखास त्वरण दोनदा मोजतात. आणि फरशीचा रेटा ही पृथ्वीच्या ओढीची प्रतिक्रिया नव्हे. रेट्याची जोडी तळपायाने फरशीवर दिलेल्या दाबाशी, ओढीची जोडी आपण पृथ्वीला ओढतो त्या बलाशी. ती क्रिया-प्रतिक्रियेची जोडी असती तर दोन्ही बले कायम समान राहिली असती आणि लिफ्ट सुटताना काटा हललाच नसता.

अंतराळस्थानकाचे प्रकरण याहून वेगळे नाही. स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंच आहे. तेथे गुरुत्वत्वरण ८.७ आहे, येथल्यापेक्षा फक्त ११ टक्क्यांनी कमी. २०२५ च्या जून-जुलैमध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला तेथे होते, तेव्हाही ही ओढ होतीच; ६० किलोंच्या माणसावर ती तेथे ५२० न्यूटनच्या आसपास असते. तरंगणे घडते ते स्थानक आणि आतली माणसे एकत्रच पृथ्वीकडे पडत राहतात म्हणून. पडता पडता ती पुढेही इतक्या वेगाने जातात की पृथ्वीचा पृष्ठभाग खाली वळत जातो आणि आपटणे होत नाही. दोर तुटलेली लिफ्ट तीच, फक्त तळमजला कधी न येणारी. काटा तेथे निकामी असल्याने अंतराळवीरांचे वस्तुमान स्प्रिंगच्या ओढीने त्यांना किती त्वरण मिळते किंवा त्यांचे आंदोलन किती वेळात होते यावरून काढतात.

म्हणून आपल्या उपसंपादकांना एक विनंती: ‘शून्य गुरुत्वाकर्षण’ किंवा ‘गुरुत्वाकर्षणरहित अवकाश’ याऐवजी ‘भारहीन अवस्था’ असे छापावे, आणि जागा असेल तर ‘मुक्त पतनामुळे’ हे दोन शब्द जोडावेत. दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागातला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. मुलांनी त्या धड्यात जे वाचले तेच सकाळी वर्तमानपत्रात दिसावे.

आपले विश्वासू,
पदार्थविज्ञानाचे शिक्षक व लिफ्ट-तंत्रज्ञ